लालाचं निळं होईपर्यंत

पाण्यानं भरलेली काचेची नळी काका आभाळाकडे धरत नसत, घराच्या पांढऱ्या भिंतीकडे धरत. डावा डोळा मिटायचा, ओठांचा चंबू करायचा, नळी नाकासमोर आणायची आणि बराच वेळ काहीच बोलायचं नाही. आपण शेजारी चहाचा कप घेऊन ताटकळलेले. मग हळूच म्हणायचे, "दिसलं ते लिहावं." पुढे मलाच बजावायचे, "असावं ते नाही हो शेठ. दिसलं ते."

एवढी समाधी कशासाठी, तर घरामागच्या आगरात बांधलेल्या एका तलावासाठी. तलाव कसला! अठरा पावलं लांब, दहा पावलं रुंद, छातीइतकं पाणी. नारळीच्या मधोमध चिऱ्याच्या भिंती उभ्या करून आतून निळ्या टाइल्स लावलेल्या. आळीतले लोक त्याला हौद म्हणत, चेष्टेत पंचतारांकित म्हणत. ते स्वतः नुसतं 'पाणी' म्हणत. "पाणी आज बरं आहे." "पाण्याला काल जरा जड गेलं." घरात कुणी आजारी असावं आणि त्याची खबर द्यावी, तसा सूर.

मला शेठ म्हणण्याची चाल फक्त त्यांची. माझं दुकान मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पंप, पाइप, टाक्या, फिल्टरची वाळू, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांच्या तलावांना लागणारी औषधं. बारा बाय पंधराच्या त्या खोक्यात शेठ म्हणण्यासारखं काही नाही. पण पहिल्या दिवशी ते लोणच्याच्या बरणीत पाणी भरून घेऊन आले, काउंटरवर बरणी ठेवली आणि म्हणाले, "शेठ, यात कठीणपणा किती ते सांगाल?"

मी म्हटलं, "काका, आम्ही औषधं विकतो. तपासत नाही."

"न तपासता औषध देता? धाडस आहे तुमचं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? उन्हाची वेळ, दुकानात गिऱ्हाईक, आणि हा पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला बारकुडा म्हातारा मला माझ्याच दुकानात शिकवतोय. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझ्या धाडसाचं आश्चर्य वाटलं होतं. अशा माणसाशी भांडता येत नाही. मी स्टूल पुढे केलं.

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झालेली. त्यांना कुणी सर म्हटलं की लगेच दुरुस्त करत. "मी सर नव्हे. सरांच्या मागे उभा राहणारा." द्रावणं तयार करायची, काचसामान धुवायचं, पोरांना ब्युरेट लावून द्यायच्या. पण पोरं सरांना भ्यायची नाहीत तितकी ह्यांना भ्यायची. कारण पोरं गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवायची आणि हे मागून चालता चालता एवढंच म्हणायचे, "ब्युरेट न भरताच आकडा आला? बरंय."

एकदा माझ्या दुकानात एक जाडजूड डॉक्टर आले होते, बंगल्याच्या टाकीसाठी. ह्यांना बघताच डॉक्टर उभे राहिले. वाकून नमस्कार. ह्यांनी चष्मा वर केला, निरखून बघितलं आणि म्हणाले, "नऊ पूर्णांक आठ." डॉक्टर लालेलाल. मागाहून मला कळलं, तीस वर्षांपूर्वी त्या गृहस्थांनी तेवढा एक आकडा प्रयोग न करता लिहिला होता. मी काकांना म्हटलं, "अहो, केवढा मोठा डॉक्टर तो, जाऊ द्या की!" तर म्हणाले, "मी कुठे काय म्हटलं? मला आकडा आठवला, तो सांगितला."

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ब्युरेट धुतलेल्या माणसाला म्हातारपणी तलावाची हौस कशी आली. हौस नव्हतीच ती. त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात थोडा परतला, पाय परतेना. तळव्याला तर काही कळतच नसे, चिमटा काढला तरी. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा, पाण्यात शरीराचा भार कमी होतो. समुद्र पाच मिनिटांवर आहे हो आमच्या, पण तिथे धडधाकट माणसाची लाटेत तारांबळ उडते, काकूंना कोण उभं करणार? तेव्हा काकांनी आगरातल्या पाच केळी काढल्या, गवंडी बोलावला आणि पाणी घरात आणलं. पाणी विहिरीचं. आमच्या ह्या बाजूच्या विहिरी वैशाखात खाली गेल्या की पाणी मचूळ लागतं, आणि एरवीही जड. साबणाला फेस येत नाही, बंबाच्या आत पांढरी साल धरते. काका त्याला पुस्तकातला शब्द वापरत, दुष्फेन. काकू म्हणत, "दुष्फेन का दुष्ट, एकदा मला त्यात उतरव बाबा."

शनिवारी दुपारी चारला दुकान बायकोवर सोपवून मी त्यांच्याकडे औषधं पोचवायला जायचो. पोचवायला पाच मिनिटं पुरत, मी दोन तास बसायचो. खरं सांगायचं तर त्या घरी दुसरं कुणी जातच नव्हतं. मुलगी ठाण्याला, वर्षातून दोनदा यायची. आळीतले लोक पहिल्या महिन्यात तलाव बघून गेले, कौतुक केलं, मागाहून 'एवढा खर्च!' म्हणत आपापल्या पडवीत जाऊन बसले. काकूंना बोलायला माणूस लागे आणि काका दिवसाला वीस वाक्यांवर जात नसत. मग मी गेलो की काकू पाण्यातूनच ओरडायच्या, "आलास मेल्या? काय विष आणलंस आज?"

त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. तलावाच्या एका बाजूला पायऱ्यांपासून पार दुसऱ्या टोकापर्यंत स्टीलचा दांडा बसवलेला. काकू गाउन घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून डाव्या हातानं दांडा धरायच्या आणि मोठ्यानं पावलं मोजत चालायच्या. काका काठावरून त्यांच्या बरोबरीनं चालत. पाण्यात ते स्वतः कधी उतरले नाहीत. पोहता येत नव्हतं, आणि छातीइतक्या पाण्याचीही त्यांना भीती वाटे. काकू चिडवायच्या, "बघ रे, बायकोला ढकललंन् पाण्यात आणि स्वतः काठावर!" त्यावर काका वहीत काहीतरी लिहीत.

ती वही म्हणजे एक प्रकरणच होतं. रोज सकाळी सातला पाणी तपासायचं. क्लोरीनसाठी एक नळी, तिला पिवळा रंग. पीएचसाठी दुसरी, तिला गुलाबी. आणि तिसरी परीक्षा कठीणपणाची. नळीतलं पाणी आधी दारूसारखं लाल करायचं, मग दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडायचं, प्रत्येक थेंबाला नळी हलवायची. बारा-चौदा थेंब पडले की एका थेंबाला लालाचं एकदम निळं होतं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. हे तिसरं काम काका मला करू देत. मी थेंब मोजायचो आणि म्हणायचो, "तेरा." काका विचारायचे, "नक्की?" दर वेळी, एकदाही न चुकता. त्या एका शब्दानं माझा आत्मविश्वास पार पाण्यात. मी पुन्हा मोजायचो.

वही काकू वाचायच्या. पाण्यातून बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, की "बघू, काय दिवे लावलेस" म्हणून वही मागायच्या. त्यांना रसायनातलं काही कळत नसे, पण शेरे वाचायच्या. शेऱ्यांच्या रकान्यात एकदा मोठी गंमत झाली. पाण्याच्या काठाला निळ्या टाइल्सवर पांढरा पट्टा धरला होता. हॉटेलवाले त्याला सरळ ॲसिड मारतात. काकांना काकू उतरतात त्या पाण्यात ते नको होतं. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "आमसुलं भिजत घाल आणि घास. देवाची भांडी मी कशानं घासत होते एवढी वर्षं?"

"अगो, हा देव्हारा नव्हे. टाइल्सवर डाग पडतील. आणि एवढा थर आमसुलानं जायचा नाही."

पुढच्या शनिवारी जाऊन बघतो तर काका उकिडवे बसून आमसुलं घासताहेत. वहीत लिहिलेलं: 'आमसूल, सात टाइल्स. थर गेला. डाग नाही. माझे मत चुकीचे होते, तिचे बरोबर.' काकूंनी ते वाक्य त्यांच्याकडून मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. तिसऱ्यांदा काकासुद्धा हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ती दुपार माझ्या लक्षात राहिली.

काकूंचं एकच मागणं होतं. अंगणातून स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जायचं आणि कडी काढायची. आजार झाल्यापासून त्या फाटकाबाहेर गेल्या होत्या त्या खुर्चीतून, नाहीतर रिक्षात उचलून. "कडी मी काढणार," त्या म्हणायच्या, "आणि तशीच चालत तुझ्या दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर तुझ्याशी भांडणार. म्हाताऱ्याला काय काय विकतोस ते विचारणार." मी म्हणायचो, "या की, स्टूल पुसून ठेवतो." हे थट्टेत चालायचं, पण काकांना ती थट्टा नव्हती. घराच्या पायरीपासून तुळशीपर्यंत किती पावलं, तुळशीपासून फाटकापर्यंत किती, हे त्यांनी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. चैत्रात काकू काठी घेऊन तुळशीपर्यंत पोचल्या. कुणाचा हात न धरता. त्या दिवशी काकांनी शेऱ्यात लिहिलं, 'तुळस.' बाकी काही नाही.

आता जे सांगायचं आहे, ते मी आजवर बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

चैत्र सरता सरता कठीणपणाचं औषध संपत आलं. ते मुंबईहून मागवावं लागे, माझ्याशिवाय दुसरं कुणी इथे ते ठेवत नाही. काकांनी सांगितलं, "शेठ, तळाला चार दिवसांचं आहे." मी म्हटलं, "मागवतो." त्याच दिवसांत माझ्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नघर म्हणजे काय असतं तुम्हाला ठाऊक आहे, माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. विसरलो. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी ठोकून दिलं, "पाठवलंय हो त्यांनी, वाटेत आहे." तिसऱ्यांदा ते भर उन्हात छत्री घेऊन दुकानात आले. तेव्हाही मी तेच सांगितलं, वर कुरियरवाल्याला चार शिव्या हासडल्या. मागवलंच नव्हतं तर येणार कुठून?

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्यांचं नेहमीचं दाणेदार क्लोरीनही माझ्याकडे संपलेलं. मग मी त्यांना विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर दिली.

त्यांनी पिशवी हातात धरून वाचली. "शेठ, यात चुना असतो. कॅल्शियम. आधीच आपलं पाणी जड."

मी म्हटलं, "काका, अख्ख्या गावाच्या विहिरींत हीच टाकतात. माणसं पितात ते पाणी! काकूंना काय, नुसतं चालायचंय. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

क्लोरीन बंद करता येत नव्हतं, उन्हाळ्यात चार दिवसांत पाणी हिरवं झालं असतं. "आठ दिवस," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन गेले.

आठाचे वीस दिवस झाले. वैशाखाचं ऊन, पाणी आटतंय, वर मचूळ विहिरीचं पाणी घालताहेत, रोज पावडर पडतेय. पिवळा रंग बरोबर दिसत होता. गुलाबी जरा गडद होई, तो ते औषध घालून खाली आणत. पण कठीणपणा मोजायला औषध नव्हतं. जे मोजताच येत नाही ते दिसणार कसं? पाणी एक-दोनदा ताकासारखं पांढुरकं झालं, मग निवळलं. ते जे निवळलं, ते खाली बसलं. पायऱ्यांवर क्षारांचा थर धरला, हाताला पॉलिश पेपर लागावा तसा खरखरीत. पाण्याखाली तो दिसत नव्हता. काका पाण्यात उतरत नव्हते. आणि काकूंच्या तळव्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी चादरीवर रक्त दिसलं तेव्हा घरात कळलं. उजवा तळवा सोलवटून निघालेला. काकूंना साखरेचा आजार होता, जखम भरेना. मलमपट्ट्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सगळा पावसाळा त्या पलंगावर. गणपतीत जखम भरली, पण तोवर पाय शिकलेलं सगळं विसरला होता. दसऱ्यानंतर त्या पुन्हा पाण्यात उतरल्या, पण आता दांडा दोन्ही हातांनी धरावा लागे आणि पावलं मोजताना आवाज चढत नसे. तुळशीपर्यंतसुद्धा पुन्हा पोचल्या नाहीत. पौषात एका पहाटे झोपेतच गेल्या. फाटकाची कडी राहिली ती राहिलीच.

जखम झाली त्या आठवड्यात मी गेलो होतो. औषध तोवर मागवलं होतं, ते हातात घेऊन गेलो. वाटलं, आता हा माणूस मला फाटकातूनच परत पाठवणार, आणि पाठवावंच. काकांनी आधी बाटली घेतली, नळी भरली. लाल पाण्यात थेंब सोडत राहिले. एकतिसाव्या थेंबाला निळं झालं. "एकतीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "माझं चुकलं शेठ. मला कळायला हवं होतं." मी तोंड उघडलं, पण आतून काकूंनी हाक मारली, "कोण, तो मेला आलाय का? त्याला चहा दे!" आणि मी तो चहा प्यायलो. त्याच वेळी बोलायला हवं होतं, नाही बोललो. भित्रा आहे मी.

काकू गेल्यावर पंधरा दिवसांनी मी शनिवारी भीत भीत गेलो, तर काका नळी भिंतीकडे धरून उभे. मी म्हटलं, "आता कशाला काका? कोण उतरणार आहे?"

"पाणी आहे ना."

आणखी दोन वर्षं त्यांनी ते पाणी सांभाळलं. पानं काढायची, टाइल्स आमसुलानं घासायच्या, औषध घालायचं, वहीत लिहायचं. एक गोष्ट मात्र नवीन सुरू झाली. स्टीलच्या दांड्यावर काकूंचा हात जिथे जिथे फिरे तिथे क्षार कधी धरलेच नव्हते. आता धरू लागले. काका पहिल्यांदा पाण्यात उतरले ते त्यासाठी. छातीइतक्या पाण्याला घाबरणारा माणूस रोज सकाळी गंजिफ्रॉकवर उतरायचा आणि दांड्याला हात लावून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. मी ब्रश देऊ केला तर म्हणाले, "ब्रशानं चरे पडतात. हातच बरा."

शेवटी अंगणात पडले, खुब्याला लागलं, आणि मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी किल्ली, नळ्यांची पेटी आणि चालू वही माझ्या हातात दिली. "रोज नको. शनिवारी बघा. आणि दिसलं ते..."

"लिहावं," मी म्हटलं.

दर शनिवारी पाच वाजता ठाण्याहून फोन यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. "काय दिसलं?" मी आकडे सांगायचो. ते 'नक्की?' विचारायचे. एका शनिवारी मला कंटाळा आला, पाऊस होता, गेलोच नाही. दुकानात बसूनच फोनवर गेल्या आठवड्याचे आकडे सांगितले. पलीकडून, "ब्युरेट न भरताच आकडा आला? बरंय." मेल्याहून मेल्यासारखं झालं. छत्री घेऊन धावत गेलो, तपासलं, फोन केला. तेव्हा म्हणाले, "इथे चौदाव्या मजल्यावर नळाचं पाणी येतं शेठ. मी तपासलं. सुफेन. सगळं बरोबर. काही करायलाच नको त्याला." एवढं बोलून फोन ठेवला. त्यांच्या तोंडून निघालेली ही सगळ्यांत लांब तक्रार.

ह्या वैशाखात एका शनिवारी फोन आला नाही. रविवारी मुलीचा आला. काकांचं दिवसकार्य सगळं झाल्यावर तिनं सांगितलं, "आमच्या बाबांच्या वह्या तेवढ्या पाठवाल? बाकी घराचं नंतर बघू. वह्या मला हव्यात."

वह्या पडवीतल्या कपाटात होत्या, क्रमानं लावलेल्या. मी दोरी घेऊन बसलो. बांधता बांधता एक वही हातात थांबली. कुठली ते मला कव्हरवरूनच कळलं. त्या वैशाखाची. उघडावी की नाही ह्यात बराच वेळ गेला. वाटलं, माझा सगळा खोटेपणा त्यात असणार, तारीखवार. 'आज पुन्हा सांगितले. वाटेत आहे म्हणतात.' माणूस असाच लिहिणारा होता हो. आणि आता ते त्यांची लेक वाचणार.

उघडली. महिनाभर कठीणपणाचा रकाना कोरा. पहिल्या कोऱ्या चौकोनासमोर, शेऱ्यात, खालच्या 'एकतीस'च्याच शाईनं मागाहून लिहिलेलं, नेहमीच्या बारीक अक्षरात: 'औषध संपले. दुकानदारास सांगण्यास मी विसरलो.'

मी ते चारदा वाचलं. तीनदा सांगितलं होतं त्या माणसानं मला. तिसऱ्यांदा तर उन्हात चालत आले होते, छत्रीची एक काडी मोडलेली होती, इतकं मला स्पष्ट आठवतं. आमसुलाला चूक म्हटलं म्हणून वहीत माफी मागणारा, तीस वर्षांपूर्वीचा खोटा आकडा लक्षात ठेवणारा माणूस! सगळ्या वह्यांत मिळून त्यानं एक खोटी नोंद केली, ती माझ्यासाठी.

का, ते कळायला मला फार वेळ लागला नाही. वही काकू वाचत. खरं लिहिलं असतं तर काकूंना समजलं असतं की आपला पाय कुणामुळे गेला. मग मी पुन्हा त्या फाटकातून आत गेलो नसतो. आणि शनिवारी चार वाजता त्यांच्याकडे दुसरं येणारं होतं कोण? काकूंना भांडायला एक माणूस उरावा म्हणून नवऱ्यानं चूक स्वतःच्या नावावर घेतली. काकू शेवटपर्यंत मला म्हणत राहिल्या, "येणार आहे हं मी तुझ्या दुकानात." आणि त्यांच्या नवऱ्याच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. मी पडवीत बसून रडलो. साठीला आलेला माणूस, पण रडलो, त्यात लाज कसली.

मग खिशातलं पेन काढलं. त्यांच्या ओळीवर काट मारायचा धीर झाला नाही, त्यांच्या वहीत खाडाखोड कधी नव्हती. तिच्याखाली लिहिलं: 'वरील नोंद खोटी आहे. त्यांनी तीनदा सांगितले होते. मी विसरलो आणि वर खोटे बोललो. पावडरही मीच दिली.' खाली नाव घातलं, दुकानाचं आणि माझं. लेक वाचेल. वाचू दे. वाचून तिनं मला काय म्हणायचं ते म्हणावं.

वह्यांचा गठ्ठा बांधून फाटकाशी ठेवला आणि मागे गेलो, कारण शनिवार होता. पाण्यावर झावळीचा चुरा पडलेला. काकांचा हात थांबल्यापासून दांडा टोकापासून टोकापर्यंत पांढरा झाला होता. मी पँट सोडून चड्डीवर पाण्यात उतरलो आणि दांड्याला हात लावून चालत गेलो, परत आलो. एका फेरीत काय होतंय? पुढच्या शनिवारी पुन्हा.

मग नळी भरली, पाणी लाल केलं आणि भिंतीकडे धरून थेंब सोडत गेलो. सतराव्या थेंबाला निळं झालं. मी मोठ्यानं म्हटलं, "सतरा."

कुणी काही विचारलं नाही. मी नळी रिकामी केली, धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.